अलिबाग ते कोर्लई, दिवसभराची रिक्षा: दोघी निवृत्त शिक्षिकांचा अनुभव

परीक्षण रिक्षाचं आहे, पण सुरुवात मुक्कामापासून करावी लागेल.

मी महाडची. शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. बरोबर होती माझी मैत्रीण, त्याच शाळेत गणित शिकवायची, कोकणी मुसलमान. डिसेंबरात दोघींनी अलिबागला दोन दिवस काढायचं ठरवलं. एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी फोन केला. खोली आहे म्हणाले, दर सांगितला, रात्री भाकरी चालेल का तेही विचारलं. मग नोंदीसाठी दोघींची नावं कळवली. दहा मिनिटांत उलटा फोन: खोली आधीच दिलेली होती, लक्षातच नव्हतं. मैत्रीण एवढंच म्हणाली, "जाऊ दे, दुसरीकडे बघू." तिला याची सवय झालेली आहे, हेच मला जास्त लागलं. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे धर्मावरून कुणाला अडवता येणार नाही. त्याच कलमात पुढे विहिरी आणि तळी येतात. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जे घडलं, त्याच गावात मी हे कलम वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं.

मुक्काम दुसरीकडे मिळाला, चांगला मिळाला. रिक्षावाल्याचा नंबर भाच्याने दिला. आम्ही शनिवारी येतो म्हटलं, तर पलीकडून लगेच, "शनवारी नको, बाई. शनवारी ज्यू लोकांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. त्यांचं प्रार्थनाघर, सिनेगॉग, बघायला मिळायचं नाही. आयतवारी या." मग विचारलं, बरोबर कोण आहे, काही पथ्यपाणी, काही वेळा पाळायच्या आहेत का. मी जरा सावधच झाले. मैत्रिणीच्या नमाजाचं सांगितलं. "मग दुपारी चौलला थांबू, तिथं सावली आहे," एवढंच म्हणाले आणि दर सांगितला: सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, १,८०० रुपये.

आधी नवगाव. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथे फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना इथेच पुरलं. रिक्षावाले "दोन हजार वर्षं झाली" असं ठामपणे सांगतात. ती परंपरा आहे, लेखी पुरावा नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण पुढचं सगळं त्यांना नीट माहीत होतं. ही माणसं किनाऱ्यावरच्या गावांत तेलाचे घाणे चालवायची, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून पडली: नवगावकर, पेणकर, किहीमकर. समुद्राकाठी राहूनही कोळंबी-चिंबोरी खायची नाही, खवले आणि पर असलेलीच मासळी खायची. मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. त्या काळी कुठलं कलम नव्हतं, तरी शेजारच्या कुणी त्यांचा घाणा शनिवारी जबरदस्तीने सुरू करायला लावला नाही. शेजाऱ्यांनी चिडून बहिष्कार टाकण्याऐवजी नाव ठेवलं, आणि ते नावही कामाचंच.

अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगची आजची इमारत १९१० सालची. उतरण्याआधी रिक्षावाल्यांनी पुढच्या सीटखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत धुऊन घडी घातलेल्या चार टोप्या आणि दोन सुती ओढण्या. मागच्या खेपेला आलेल्या एका कुटुंबातल्या पुरुषांकडे डोकं झाकायला काही नव्हतं, त्यांना दारातून परत फिरावं लागलं, तेव्हापासून हा डबा ठेवलाय म्हणाले. कुठल्या ठिकाणी चपला काढायच्या, कुठे फोटो विचारून काढायचा, हे आत जाण्याआधी हळू आवाजात सांगितलं आणि स्वतः बाहेर थांबले. दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची नळी तिरकी बसवलेली असते, मेझुझा. आत धर्मवचन लिहिलेली गुंडाळी. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी तिचा मधला भाग गुळगुळीत झालाय.

समाजातले बहुतेक जण १९४८ नंतर इस्राएलला गेले. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदावर हक्क मिळाला तेव्हा गावागावांतली घरं रिकामी झालेली होती.

चौलला दुपारी एका पोफळीच्या वाडीत थांबलो. वाडीच्या आजींशी रिक्षावाल्यांनी काय बोलणं केलं ते ऐकू आलं नाही. आजींनी विहिरीचं पाणी कळशीतून काढून दिलं, सारवलेल्या पडवीत चटई अंथरली आणि समुद्राकडे हात करून म्हणाल्या, "पच्छिम तिकडं." मैत्रिणीचा नमाज होईपर्यंत त्यांनी अंगणात खेळणाऱ्या नातवाला मांडीवर घेऊन गप्प बसवलं. निघताना पैसे देऊ केले तर रागावल्या. पुढे रिक्षात मैत्रीण म्हणाली, सकाळच्या त्या सिनेगॉगचंही तोंड पश्चिमेलाच होतं ना? होतं. जेरुसलेमही इथून तिकडेच.

आता उणी बाजू. रेवदंड्याचं जेवण घाईत उरकावं लागलं. मागच्या सीटचा एक कोपरा खचलाय, साळावचा पूल ओलांडेपर्यंत माझी कंबर धरली. कोर्लईला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती, किल्ला राहिला. पोर्तुगीज वळणाची 'नौ लिंग' बोली ऐकायची माझी फार इच्छा होती. चर्चजवळ दोघी बायका बोलत होत्या तेवढंच कानावर आलं. कोर्लईसाठी दोन तास हवेतच, आधी सांगून ठेवा.

आणि एक दुरुस्ती. पोर्तुगीजांनी इकडे कुणाला त्रास दिला नाही, असं रिक्षावाले प्रवाशांना सांगतात. ते खरं नाही. गोव्यात धर्मन्यायालय १५६० मध्ये सुरू झालं, मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं, आणि चौल १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. मनातल्या श्रद्धेसाठी माणसांना तुरुंगात टाकलं, जाळलं. हे सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही. रिक्षा बाजूला घेतली, तिन्ही सालं पुन्हा विचारली आणि मोबाइलमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून ठेवली.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण सीटचा. पैसे रोख लागतात. फेब्रुवारीत मैत्रिणीची बहीण येतेय, तिच्यासाठी आयतवार आत्ताच धरून ठेवलाय.