फ्रीफेम : उघड्या पोकळीतील तरंगांचे गणित सोडवताना

सपाट जमिनीत एक खड्डा आहे. वरून ध्वनीची किंवा रेडिओची लहर येते. तिचा काही भाग जमिनीवरून परततो, काही आत शिरून भिंतींमध्ये येरझारा घालतो आणि तोंडावाटे पुन्हा बाहेर पडतो. ही बाहेर पडणारी लहर कोणत्या दिशेला किती तीव्रतेची असेल, हा उघड्या पोकळीच्या प्रकीर्णनाचा प्रश्न. विमानाच्या इंजिनाचे तोंड रडारवर किती ठळक उमटते हे त्यावरून काढतात, आणि साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीच्या काठावरून दिलेली हाक कशी घुमते, हेही गणिताच्या दृष्टीने त्याच जातीचे आहे. साताऱ्यात पदव्युत्तर गणिताच्या विद्यार्थ्यांना असे प्रकल्प देताना मी ‘फ्रीफेम’ ही संगणकप्रणाली वापरतो. तिच्यावर मी समाधानी आहे, पण ती कोणाच्या हाती द्यावी आणि कोणाच्या नाही, याविषयी माझे मत ठाम आहे.

प्रणाली पॅरिसची. गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या नावाच्या प्रयोगशाळेत ऑलिव्हिए पिरोनो आणि फ्रेडरिक हेश्ट यांनी ती वाढवली. तिचा पहिला अवतार १९८७चा. ती मोफत आणि मुक्तस्रोत आहे, लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालते, आणि बसवताना फारसा त्रास देत नाही. महागड्या व्यावसायिक प्रणालीचा परवाना ज्या विभागाला परवडत नाही, त्याला एवढे कारणही पुरेसे ठरावे. पण मला ती आवडते ती वेगळ्या कारणासाठी.

फ्रीफेम ज्या फायनाइट एलिमेंट पद्धतीवर चालते, तिच्यात क्षेत्राची छोट्या तुकड्यांची जाळी पाडून उत्तर काढतात. त्यासाठी हेल्महोल्ट्झ समीकरणाला, म्हणजे एकाच वारंवारतेच्या लहरीच्या समीकरणाला, चाचणी फलनाने गुणून खंडशः संकलन करावे लागते, आणि त्यातून निघणारे रूप, ज्याला आपण वर्गात वीक फॉर्म म्हणतो, तेच पुढे संगणकाला द्यायचे असते. बहुतेक प्रणाली हे रूप मेनू आणि खिडक्यांच्या मागे दडवतात. फ्रीफेममध्ये फळ्यावर लिहिलेली ओळ जवळजवळ तशीच्या तशी टंकित करता येते: क्षेत्रावरचे संकलन वेगळे, सीमेवरचे वेगळे, तरंगसंख्येचा (ही वारंवारतेच्या प्रमाणात वाढते) वर्ग जिथल्या तिथे. भिंत कठीण असेल, म्हणजे लंब दिशेचा दाब-बदल शून्य असेल, तर सीमेवरचे पद आपोआप गळते, हे विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. त्याला ते स्वतःच्या ओळीत दिसते. पोकळी अक्षाभोवती सममित असेल आणि लहर सरळ वरून येत असेल, तर संकलनात त्रिज्येचा गुणक घातला की त्रिमितीय प्रश्न द्विमितीय जाळीवर सुटतो, तोही साध्या लॅपटॉपवर.

खरी परीक्षा जमिनीच्या वर असते, कारण वरचे आकाश अमर्याद आणि संगणकाची जाळी मर्यादित. लहर बाहेर जावी, अनंतातून परत येऊ नये, ही अट सोमरफेल्ड यांनी १९१२मध्ये मांडली, आणि ती जाळीच्या कडेवर कशी आणायची यातच या विषयाचा बराचसा कस लागतो. एक मार्ग १९९४मध्ये बेरेंजे यांनी सुचवलेल्या शोषक थराचा, म्हणजे पीएमएलचा: जाळीभोवती असा थर घालायचा की त्यात शिरलेली लहर परावर्तित न होता विरून जावी. फ्रीफेममध्ये यासाठी निर्देशकांना संमिश्र गुणक लावले की काम होते. दुसरा मार्ग अधिक देखणा. जमीन सपाट असल्यामुळे वरच्या अर्ध्या अवकाशातील उत्तर फूरिए रूपांतराने नेमके लिहिता येते आणि सगळी अट पोकळीच्या तोंडावर आणून ठेवता येते. मग जाळी फक्त पोकळीच्या आत लागते. मात्र ही अट स्थानिक नसते. तोंडावरचा प्रत्येक बिंदू तोंडावरच्या इतर प्रत्येक बिंदूशी जोडला जातो, आणि एरवी विरळ, म्हणजे बहुतेक पदे शून्य असलेल्या, मॅट्रिक्समध्ये एक दाट ठोकळा तयार होतो. हा ठोकळा फ्रीफेममध्ये आपला आपणच बांधावा लागतो. होतो, पण त्यासाठी लागणारे मार्गदर्शन दस्तऐवजांत तुटपुंजे आहे, आणि माझी पहिली तक्रार हीच.

पडताळणीसाठी मी विद्यार्थ्यांना हटकून एकच प्रश्न देतो: जमिनीत उभा पुरलेला, १ मीटर खोल, २० सेंटिमीटर व्यासाचा, तळ बंद असलेला पाइप. ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद धरला आणि पाव तरंगलांबीचा सोपा नियम लावला, तर पहिला अनुनाद ८५.८ हर्ट्झला यायला हवा. प्रत्यक्षात तोंडाबाहेरची थोडी हवाही सोबत हलते, त्यामुळे पाइपची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.८२ पट वाढल्यासारखी होते आणि अनुनाद ७९ हर्ट्झच्या किंचित वर उतरतो. फ्रीफेमचे उत्तर तिथेच येते. पण वारंवारतेनुसार काढलेल्या आलेखातले हे शिखर जेमतेम एक हर्ट्झ रुंद असते. पाच-पाच हर्ट्झच्या टप्प्यांनी गेलेल्या विद्यार्थ्याला त्याची खरी उंची दिसतच नाही. उघड्या पोकळीत ऊर्जा सतत गळत असते, म्हणून उंची अनंत होत नाही आणि उत्तर एकमेव राहते. बंद पेटीत मात्र ठरावीक वारंवारतांना एकमेवता कोसळते. हा फरक पाठ्यपुस्तकातल्या सिद्धतेपेक्षा या एका आलेखाने लवकर उमगतो, असा माझा अनुभव आहे.

आता दोष, आणि ते गंभीर आहेत. फ्रीफेम चुकीचे उत्तर तितक्याच शांतपणे देते. लहरीच्या काळावलंबी गुणकातला घातांक ऋण मानला की धन, यावर शोषक थराच्या गुणकाचे चिन्ह ठरते. ते उलटे पडले तर थरात लहर विरण्याऐवजी फुगते, पण प्रणाली चकार शब्द काढत नाही. सीमेचा तुकडा रेखताना क्षेत्र डाव्या हाताला राहिले पाहिजे, हेही नवख्याला जाळी बिघडल्यावरच कळते. याहून फसवी गोष्ट जाळीच्या बारकाव्याची. दर तरंगलांबीला दहा बिंदू हा रूढ नियम कमी वारंवारतेला चालतो, परंतु साध्या रेषीय घटकांत त्रुटीचा एक भाग तरंगसंख्येच्या घनाच्या आणि जाळीच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे बाबुश्का आणि इहलेनबुर्ग यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले. म्हणजे वारंवारता दुप्पट झाली तर जाळी दुप्पट बारीक करूनही भागत नाही. द्वितीय घातांकाचे घटक वापरणे हा त्यावर स्वस्त उपाय, आणि फ्रीफेममध्ये त्यासाठी एकच अक्षर-अंक बदलावा लागतो, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. अलीकडच्या आवृत्त्यांत सीमा-संकलनाची पद्धतही आली आहे, जिच्यात जाळी फक्त पृष्ठभागावर लागते. ती बंद पृष्ठभागांवर वापरताना खोट्या अनुनादांपासून सावध राहावे आणि ते टाळणारे बर्टन व मिलर यांचे १९७१चे संयुक्त सूत्र हाताशी ठेवावे.

लिंबच्या विहिरीचा प्रश्न मात्र लॅपटॉपवर सुटत नाही. शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेली ही विहीर अष्टकोनी आहे, तिला जिना आणि जोडविहीर आहे, त्यामुळे अक्षीय सममितीची सवलत मिळत नाही. व्यास ५० फूट आणि खोली ११० फूट धरली, तर १०० हर्ट्झसाठी पोकळीतच सुमारे दीड लाख बिंदू लागतात. माणसाच्या हाकेतील ४०० हर्ट्झपर्यंत जायचे तर ही संख्या ६४ पटींनी वाढून एक कोटीच्या घरात जाते, आणि थेट पद्धतीने मॅट्रिक्स सोडवणारी यंत्रणा स्मृतीअभावी त्याच्या कितीतरी आधी थांबते. फ्रीफेममध्ये क्षेत्राचे तुकडे पाडून अनेक प्रोसेसरांवर काम वाटण्याची सोय आहे आणि ती चांगली आहे, पण त्यासाठी मोठ्या विद्यापीठाची संगणक-यंत्रणा मिळवावी लागेल.

म्हणून ज्याला वीक फॉर्म स्वतः लिहिता येतो, त्याने ही प्रणाली निःशंकपणे घ्यावी. ज्याला फक्त रंगीत चित्र हवे आहे, त्याने आधी पुरलेल्या पाइपचा ७९चा आकडा हाताने काढावा आणि मगच ती उघडावी.