देवरुषी का मानसोपचार डॉक्टर? भावाला कुठं न्यायचं

खानापूर साइडच्या एका ताईंनी विचारलंय, भाऊ म्हणतो यल्लम्मा माझ्याशी बोलते, तर देवरुषाकडं नेऊ का डॉक्टरकडं. आधी हे बघा, यल्लम्माच्या सौंदत्तीला पौर्णिमेला अंगात येणाऱ्या बायका घरी येऊन भाकऱ्या थापतात, शेतावर जातात, आणि समाजात सगळ्यांनी मानलेल्या श्रद्धेला डॉक्टरपण भ्रम म्हणत नाहीत. पण तुमचा भाऊ रात्रभर झोपत नाही, जेवणात विष घातलंय म्हणून ताट ढकलतो, कामावर जायचं सोडलंय, हे वेगळं आहे की ओ.

खर्च म्हणाल तर देवरुषाकडं कोंबडं, नारळ, उतारा, परत पुढच्या अमावस्येला या, शेवट कुठं ते कळतच नाही. बेळगावात सरकारी दवाखाना आहे, धारवाडला डिमहान्स हा मानसिक आजारांचा सरकारी दवाखाना आहे, नुसतं विचारायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट.

वेळेचं म्हणाल तर देवरुषाकडं घरच्यांना लगेच धीर येतो, हे खरंच. गोळ्यांना काही आठवडे लागतात, सुस्ती येते, वजन वाढू शकतं, तरी मनानं बंद करू नका.

मला खरी भीती साखळीची वाटते. 2001 ला तमिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या एका आश्रमात आग लागली, साखळीनं बांधलेले 28 मनोरुग्ण गेले, पळताच आलं नाही त्यांना. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळी घालायला बंदी आहे, कुणी बांधा म्हटलं तर तिथनं उठून या.

मनाला आधार पाहिजे, घरात दुःख झालंय, तर खुशाल देवीला जावा, ओटी भरा. झोप उडालीय, संशय वाढलाय तर या आठवड्यातच डॉक्टर. आवाज हुकूम देतायत, जीव देतो म्हणतोय, तर आजच, आणि एकट्याला सोडू नका. गोळी चालू ठेवून देवीला नेलं तरी चालतं.