एप्टेशिया-एक्स चार महिने वापरून झालं, आता सविस्तर लिहिते

आधी निकाल सांगून टाकते, कारण ज्यांच्या खाऱ्या पाण्याच्या, कोरलच्या (प्रवाळाच्या) टँकमध्ये आत्ता एप्टेशिया नावाचं भूत, म्हणजे भराभर वाढून कोरलला छळणारा छोटा, फुलासारखा दिसणारा समुद्री अ‍ॅनिमोन शिरलाय त्यांना लांबण ऐकायचं नसणार. 'रेड सी' कंपनीचं एप्टेशिया-एक्स हे त्यावरचं औषध काम करतं. एप्टेशिया समोर दिसतायत, सिरिंजचं टोक तिथपर्यंत पोचतंय आणि एकूण पंधरा-वीस आहेत, तर बिनधास्त घ्या. पण दगडाच्या मागे, ओव्हरफ्लोत (टँकमधलं पाणी खाली जायचा कप्पा), सम्पमध्ये (खालची फिल्टरची टाकी) सगळीकडे झालेत अशी वेळ आली असेल तर ही एकटी बाटली पुरी पडणार नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय. माझ्याकडून पाचपैकी चार.

माझ्याकडे हे एका झोआच्या (बटणासारख्या छोट्या फुलांचा कोरलसारखा जीव) फ्रॅगवरून, म्हणजे विकत घेतलेल्या तुकड्यावरून आलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की डिप केलेला आहे (किडे मारायच्या औषधी पाण्यात बुडवून काढलेला), मी विश्वास ठेवला आणि थेट टँकमध्ये लावला. प्लगच्या, म्हणजे फ्रॅग चिकटवलेल्या चकतीच्या खालच्या कडेला एक इवलंसं तपकिरी फुलासारखं काहीतरी होतं, आरपार दिसणारं, आणि मला इतका आनंद झाला की एक पॉलिप (कोरलचं एक जिवंत फूल) सोबत फुकट आला म्हणून मी रोज पिपेटने त्याला खायला घालायचे! महिन्याभरात एकाचे आठ झाले, आणि शेजारचे झोआ दिवसभर मिटून बसायला लागले तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. डिपबद्दल इथेच सांगते, नेहमीच्या कोरल डिपने एप्टेशिया मरतोच असं नाही, तो अंग चोरून बसतो आणि बाहेर आला की परत फुलतो. त्यामुळे 'डिप केलंय' या शब्दावर कोणी निर्धास्त राहू नका.

ओळखायचा कसा, तर पिपेटचं टोक हळूच जवळ न्यायचं. एप्टेशिया असेल तर डोळ्याचं पातं लवायच्या आत भोकात गडप होतो, कोरलचा पॉलिप सहसा इतक्या झपाट्याने नाहीसा होत नाही. त्याचे हात, म्हणजे तोंडाभोवतीचे तंतू, लांब, बारीक, टोकाला निमुळते होत गेलेले, आणि अंग काचेसारखं, मधोमध तोंड. मजानो म्हणून याचाच एक भाऊबंद असतो, त्याचे हात आखूड, जाड आणि टोकाला गोलसर, बऱ्याचदा हिरवट, आणि तो दिसायला खरंच सुंदर असतो म्हणून लोक कोरल समजून सांभाळतात. कंपनी म्हणते की हे औषध मजानोवरही चालतं. माझ्याकडे मजानो आला नाही त्यामुळे त्यावर माझं मत नाही.

आता एक चूक जी मी केली आणि जी बहुतेक सगळेच करतात. खरवडू नका. मी ब्लेड घेऊन दोन खरवडून काढले, वाटलं काम झालं. याचा पाय दगडाला चिकटलेला असतो आणि त्या पायाचा नखाएवढा सुद्धा नाही, त्याहून लहान तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवीन तयार होतो. अक्षरशः रक्तबीज आहे. त्या दोन जागांवर तीन आठवड्यांनी पाच होते.

तर औषध. साठ मिलीची बाटली आणि सोबत सिरिंज. आत पांढरं, घट्ट लिक्विड असतं आणि ते खाली बसतं, म्हणून प्रत्येक वेळी भरायच्या आधी बाटली जोरात हलवायची, मधेमधे पण हलवायची. सगळे पंप बंद, वेव्हमेकर बंद, रिटर्न (सम्पमधून पाणी वर आणणारा पंप) पण बंद, आणि पाणी पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं. मग टोक वरून हळूहळू खाली न्यायचं, स्पर्श अजिबात नाही, आणि हातांच्या मधोमध एक थेंब सोडायचा. टोचायचं नाही. ही गोष्ट मला सगळ्यात आवडली, कारण घरगुती उपायात, म्हणजे लिंबाचा रस किंवा उकळतं पाणी सुईने आत सोडायचं म्हटलं, की तो सुई लागताक्षणी पळून जातो आणि आपण दगडाला टोचत बसतो. इथे त्याला ते खाणं वाटतं. पहिला केला तेव्हा मी काचेला नाक लावून बघत होते, पांढरा थेंब पडला, हात सावकाश आत वळले, तोंडाकडे ते पांढरं ओढलं गेलं, दोन-तीन सेकंद काहीच नाही, आणि मग सगळं अंग मोजा उलटा करावा तसं आतल्या आत गेलं. मग भोकाच्या तोंडाशी फक्त पांढरा गोळा राहिला. कंपनीचं म्हणणं असं की तोंडच बंद होत असल्यामुळे मरताना त्याला पिल्लं बाहेर सोडता येत नाहीत. ते मला घरी बसून तपासता येणार नाही पण तो गोळा झालेला मी बघितला.

पहिल्या दिवशी मी चौदा केले. एका दमात इतके नको करायला, आठ-दहा ठीक, कारण एवढं सगळं मेलेलं मांस आणि औषध छोट्या टँकच्या पाण्यात एकदम नको, आणि हातही थरथरायला लागतो. शिवाय मी घाई केली, पाच मिनिटांत पंप चालू केले, आणि राहिलेलं पांढरं उडून शेजारच्या अकॅन कोरलवर बसलं. तेवढ्या जागेचं मांस उडालं, दीड महिना लागला भरून यायला. हा दोष औषधाचा नाही, माझ्या घाईचा. आता मी पंधरा-वीस मिनिटं घड्याळ लावून थांबते आणि जास्तीचं पांढरं पिपेटने ओढून घेते. काम झाल्यावर सिरिंज लगेच आरओच्या पाण्याने धुवायची, वाळलं की आतच बसतं.

आठवड्याने परत पाहिलं तर चौदापैकी तीन जागी पुन्हा डोकं वर. तिन्ही खोल भोकातले होते, थेंब वरवरच राहिला असणार. दुसऱ्या फेरीत त्यातले दोन गेले, तिसऱ्याच्या भोकावर मी सरळ एपॉक्सी दाबली. अगदी लहान, दोन-तीन मिलिमीटरचे, त्यांच्याशी फार झटापट होते कारण सिरिंजची सावली पडली तरी मिटतात. त्यांना थोडे मोठे होऊ दिले आणि मग गाठलं, हे ऐकायला उलटं वाटेल पण तसंच जमलं. म्हणजे एकदा मारलं आणि विसरलं असं काम नाही हे, दर आठवड्याला टॉर्च घेऊन बसायची तयारी असेल तरच घ्या. एक तारा मी याच्यासाठीच कापला.

आणि जिथे हात पोचत नाही तिथे जिवंत उपाय लागतो. बर्गिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय आहे, ती एप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही, त्यामुळे कोरलला धोका शून्य, पण एप्टेशिया संपले की ती उपाशी मरते, म्हणून त्याआधीच दुसऱ्या कोणाला तरी द्यायची. रॅस मासे आणि कोळंब्या तिला खातात हेही लक्षात ठेवा. पेपरमिंट श्रिम्प नावाची कोळंबी बऱ्याच जणांकडे काम करते, काहींकडे ढुंकून बघत नाही, आणि घेताना नीट बघा कारण तशीच दिसणारी कॅमल श्रिम्प गळ्यात मारली जाते आणि ती पॉलिप खाते.

दगड बाहेर काढून उकळायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर कृपा करून करू नका. त्यावर झोआ किंवा त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ असतील तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, वाफेतून ते श्वासात गेलं की घरातले सगळे हॉस्पिटलमध्ये जाऊ शकतात, असं खरंच झालेलं आहे. हे मी मनापासून सांगतेय.

अजून एक, ही बाटली हातात आली की लोक टँकमधल्या प्रत्येक अनोळखी जिवावर सोडायला लागतात. माझ्या ओळखीत एकाने ब्रिसल वर्मच्या (केसाळ समुद्री किडा) मागे लागून अर्धी सिरिंज संपवली. अरे, तो बिचारा उरलेलं खाणं आणि मेलेलं साफ करतो, रात्री दिवे गेल्यावर बाहेर येतो म्हणून भीती वाटते एवढंच, फक्त उघड्या हाताने धरू नका, केस टोचतात. फायरवर्म वेगळा, तो खरंच कोरल खातो, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके आणि लालसर अंग. अस्टेरिना म्हणजे नखाएवढे वेडेवाकडे तारामासे, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी. जाळी सोडणारे व्हर्मेटिड गोगलगायीचे नळकांडे असतील तर त्याच्या तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब. लाल प्लॅनेरिया (इवलेसे चपटे किडे) असतील तर ते औषधच वेगळं, आणि तेही आधी नळीने शक्य तितके ओढून काढल्याशिवाय नाही, कारण मरताना ते विष सोडतात, ते शोषून घ्यायला फिल्टरचा कार्बन तयार ठेवावा लागतो. म्हणून आधी फोटो काढा, मोठा करून बघा, रात्री लाल उजेडात बघा, काय आहे ते पक्कं करा आणि मग हत्यार उचला.

माझ्याकडे आता नवीन फ्रॅग आला की आधी प्लगवरून काढते, खालची बाजू भिंगाने बघते, डिप करते, आणि वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवून आठवड्याने परत डिप, कारण चपट्या किड्यांची आणि न्यूडीब्रँचची (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) अंडी पहिल्या डिपने मरत नाहीत. जुना प्लग टाकून देते, कितीही स्वच्छ दिसला तरी.

बाटली अजून अर्धी आहे. काल रात्री टॉर्च मारला तर रिटर्नच्या नळीमागे एक दिसला, जेमतेम तीन मिलिमीटरचा. अजून आठवडाभर वाढू देते, मग पंप बंद करून बसेन.