नेहमीची औषधे कुठून घ्यावीत: साखळी-दुकान की घराजवळचा औषधविक्रेता?

दर महिन्याला तीच औषधे लागणाऱ्या घरापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: अनेक शाखांचे मोठे साखळी-दुकान किंवा घराजवळचा, वर्षानुवर्षे एकाच माणसाने चालवलेला औषधविक्रेता. आईवडिलांच्या औषधांसाठी मी दोन्हीकडे पुष्कळ खेपा घातल्या आहेत, त्यामुळे पुढील मत अनुभवाचे आहे, मोजमापाचे नाही.

बहुतेक जण अंतर, वेळ आणि खर्च पाहून दुकान ठरवतात, आणि त्यात वावगे काहीच नाही. साखळी-दुकान सहसा उशिरापर्यंत उघडे असते आणि चिठ्ठीतली सगळी औषधे एका खेपेत देते. लहान दुकानात चारपैकी एखाद्यासाठी हमखास ‘उद्या या’ ऐकावे लागते. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, आणि त्या बाबतीत तापमानाची नोंद ठेवणारी मोठ्या दुकानाची शीतपेटी मला अधिक भरवशाची वाटते. नाजूक दुखण्याविषयी विचारायचे असल्यास लहान दुकानातली गर्दी संकोच वाढवते, हेही मान्य करायला हवे.

माझा निर्णय मात्र या कशावरूनच झाला नाही. आईला रक्तदाबासाठी रोज अ‍ॅम्लोडिपिनची 5 मिलिग्रॅमची एक गोळी असते. साखळी-दुकानात दर खेपेला काउंटरवर वेगळी व्यक्ती असे आणि बऱ्याचदा गोळीही वेगळ्या कंपनीची मिळे. घटक तोच, मात्रा तीच, म्हणून त्याला चूक म्हणता येणार नाही. पण नाव बदलले आहे हे कोणी तोंडाने सांगत नसे, आणि मलाच पुन्हा पुन्हा विचारावे लागे. एका महिन्यात मी विचारायचे विसरलो. जुन्या पाकिटात काही गोळ्या शिल्लक होत्या, नव्या पाकिटावर निराळे नाव होते, आणि डॉक्टरांनी आणखी एक औषध वाढवले असावे असे समजून आईने दोन्ही सुरू ठेवल्या. हे औषध शरीरात निम्मे व्हायलाच 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे पहिले काही दिवस काहीच जाणवले नाही. मग तिच्या घोट्यांवर सूज आली आणि मोज्याच्या काठाचा वळ संध्याकाळपर्यंत खोल उमटू लागला. डॉक्टरांनी सगळी पाकिटे टेबलावर मांडायला लावली, तेव्हा उलगडा झाला. दुकानातल्या संगणकाने इशारा दिला नाही, कारण त्याच्या लेखी ती एकाच औषधाची पुढची खेप होती; घरात जुन्या गोळ्या उरल्या आहेत हे त्याला कळणार कसे?

घराजवळचे औषधविक्रेतेही कंपनी बदलतात, पण बदलली की जुने पाकीट घेऊन यायला सांगतात, दोन्ही शेजारी ठेवून घटकाच्या नावावर बोट ठेवतात आणि नव्यावर जाड पेनाने लिहितात: ‘जुनी संपल्यावरच’. एकदा मी आईच्या गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन मागितले, तेव्हा त्या गोळीने रक्तदाब वाढू शकतो असे सांगून त्यांनी मला आधी डॉक्टरांना विचारायला पाठवले. साखळी-दुकानातही जाणकार फार्मासिस्ट असतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही; पण काउंटरवरचा माणूस दर खेपेला बदलला की रुग्णाची ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, इतकेच.

चार दिवसांच्या औषधासाठी हा फरक कदाचित जाणवणारही नाही, आणि तिथे सोयीचे दुकान निवडणेच बरे. एका रुग्णाची सगळी औषधे शक्यतो एकाच ठिकाणाहून घ्यावीत, म्हणजे परस्परांना न मानवणारी औषधे लक्षात येण्याची शक्यता वाढते. वडिलांचे इन्सुलिन आणि गोळ्या मी अजूनही साखळी-दुकानातूनच आणतो. आईची औषधे मात्र घराजवळून येतात, आणि ‘उद्या या’ गृहीत धरून मी गोळ्या संपण्याच्या तीन दिवस आधीच तिथे जातो.