बिलात नवं, गाडीखाली जुनंच

दहा-बारा वर्षं जुन्या आलिशान फोर बाय फोर गाड्या आता नव्या हॅचबॅकच्या भावात मिळतात, त्यामुळे सोलापुरातही घेणारे वाढलेत. गाडीचा भाव उतरतो, पार्टचा उतरत नाही. त्यात माझ्या गाडीचं कंपनीचं वर्कशॉप पुण्याला, म्हणजे अडीचशे किलोमीटर. फसवणाऱ्याचा धंदा या अंतरावरच चालतो, कारण तपासायला लगेच कोण जातंय?

माझी गाडी २०१२ची. एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी एअर स्प्रिंगवर उभी, आणि ती हवा भरतो कंप्रेसर. शिवाय झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रात्रभर उभी राहिली की सकाळी पुढच्या डाव्या बाजूला बसलेली असायची, उंटानं गुडघा टेकावा तशी. शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. (नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.) मिस्त्री म्हणाला, "कंप्रेसर गेलाय साहेब, नवा टाकावा लागतंय. त्याच्यासंगं गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल, सगळ्यांचं तेल बदलून घेऊ की."

(ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना वाटून देणारे गिअरचे डबे.) सल्ला खोटा नव्हता, म्हणूनच पटला. गिअरबॉक्सचं तेल 'लाइफटाइम' असतं, कधी बदलावंच लागत नाही, असं सांगून गाड्या विकल्या गेल्या, पण झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या आसपास ते बदलायला सांगते. बिल झालं १ लाख ३८ हजार. हातानं लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही.

गाडी पुन्हा बसायला लागली तेव्हा पुण्यातल्या जाणकाराकडे नेली. त्यानं आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र, लावला नाही. साबणाचं पाणी फवारलं. पुढच्या डाव्या एअर स्प्रिंगच्या रबराची घडी चिरली होती, तिथून फेस आला. गळती म्हणून कंप्रेसर सारखा चालत राहतो आणि झिजतो. म्हणजे अस्सल नवा बसवला असता तरी तोही लवकर गेला असता. आणि बसवलेला नवा नव्हताच! काळा स्प्रे मारलेला जुना होता. रंग स्क्रूच्या खाचांत साचलेला आणि रंगाखाली चिखल तसाच.

तेलाचं तर त्याहून भारी. या गिअरबॉक्सचा ऑइल पॅन, म्हणजे तळाची तेलाची परात, प्लास्टिकचा, फिल्टर त्याच्यातच असतो. फिल्टर बदलायचा तर अख्खा पॅनच नवा. बिलात 'नवीन पॅन' लिहिलेला. प्लास्टिकच्या पार्टवर साच्यातच एक छोटी गोल तबकडी उमटवलेली असते, बाण आणि साल असलेली. माझ्या पॅनवर साल २०११. आतलं तेल डांबरासारखं काळं.

वेळेवरूनही कळतं. या तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना बघतात. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश. हायवेवरून आलेली तापलेली गाडी भरदुपारी तासाभरात 'तेल बदलून तयार' मिळाली, तर तेल बदललं नाही किंवा पातळी बघितली नाही, दोन्हीपैकी एक नक्की. हे काम रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सकाळी करायचं असतं.

म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच सांगा: जुने पार्ट डिकीत टाकून द्यायचे, तेलाचे डबे माझ्यासमोर फोडायचे, बिलावर पार्ट नंबर आणि जीएसटी नंबर हवा. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं ऐकायला मिळेल. ऐकून घ्या.

पुण्याचं लेखी मत आणि पॅनचा फोटो जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला, "कंप्रेसरचे पैसे देतो साहेब, तेलाचं राहू द्या की." अजून हो म्हटलेलं नाही.