ब्रेकचा बूस्टर रिपेअर करायचा, नवा टाकायचा का भंगारातून आणायचा? जुन्या छोट्या गाडीवाल्यांसाठी

परवा लातूरहून मावसभावाचा फोन आला. "दादा, ब्रेक लागतेत पण पाय भरून यायलाय, मिस्त्री म्हणायलाय बूस्टर गेला, नवा टाकू का हाच खोलून घेऊ?" गाडी काकांची, जुनी मारुती ८००, विकायची नाही हे घरात ठरलेलं. हाच प्रश्न मला वर्षातनं तीन-चार जण तरी विचारतात, कारण माझ्या ९६ च्या मारुती झेनवर मी हे सगळे प्रकार करून बसलोय, पैसे घालवून. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आणि हो, अशा गाड्यांना आपण व्हिंटेज म्हणतो ते फक्त बोलीत. सरकारी नियमात, म्हणजे २०२१ ला जो आला त्यात, ५० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गाडी व्हिंटेज होत नाही, त्यामुळं १९८३ ला बाजारात आलेली ८०० अजून त्या मानाला पोचलेली नाही. ती फक्त म्हातारी झालीय.

भावाला पहिलं हेच सांगितलं की बूस्टर गेला हे मिस्त्री बोलला म्हणून मानायचं नाही, आधी बघायचं. इंजिन बंद ठेव, पेडल पाच-सहा वेळा दाब, कडक होईल. मग पाय दाबून ठेवूनच गाडी स्टार्ट कर. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर गडबड आहे, पण ती बूस्टरमध्येच असेल असं नाही. दुसरं, मिनिट-दोन मिनिटं गाडी चालू ठेवून बंद कर आणि थांबून थांबून पेडल दाब, पहिल्यांदा खोल जाईल, मग दर वेळी वर वर येईल. पहिल्यापासूनच कडक असेल तर व्हॅक्यूम टिकत नाही. तिसरं, इंजिन चालू असताना पेडल दाबून धर आणि कान पेडलजवळ ने, सतत 'फुस्स' आवाज आणि आयडलिंग थरथरत असेल तर आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, नाहीतर व्हॉल्व्ह फाटलाय.

बूस्टर म्हणजे जादू काही नाही. पत्र्याचा डबा, मध्ये रबरी पडदा. इंजिनच्या मॅनिफोल्डमधनं, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या नळ्यांतनं, हवा ओढून दोन्ही बाजूला व्हॅक्यूम करायचं, पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा सोडायची, ती हवा पडदा पुढं ढकलते. सात इंची पडदा धरा, क्षेत्रफळ साधारण २४८ चौरस सेंटिमीटर, आयडलला व्हॅक्यूम २० इंच पारा असेल तर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.६९ किलोचा फरक, म्हणजे गणितानं जवळपास १७१ किलोचा जोर, स्प्रिंगचा विरोध वगैरे वजा करायचा अजून. तुमच्या पायाला हा माणूस मदत करत असतो आणि तो गेला की कळतं.

माझ्या झेनचा पहिला "गेलेला बूस्टर" गेलेलाच नव्हता. गाडी चार महिने उभी होती, घुशीनं व्हॅक्यूम पाईप खालच्या अंगानं कुरतडला होता, वरून दिसत नव्हतं. दुसरं असंच फसवणारं ठिकाण म्हणजे पाईपवरचा वनवे व्हॉल्व्ह. काढून तोंडानं फुंकायचं, एका बाजूनं हवा जाते, उलटी जात नाही, दोन्हीकडून गेली तर तो बाद. पाईप आणि व्हॉल्व्ह मिळून खर्च काहीच नाही, आणि लोक हजारांचा बूस्टर बदलून परत तोच पाईप लावतात. गॅस किट बसवलेल्या गाड्यांत तर मी असंही बघितलंय की त्याच पाईपला टी मारून दुसरी नळी काढलेली, क्लिप ढिली, आणि दोष बूस्टरचा. आपल्याकडं बॉनेटखालचं रबर मे महिन्यात जे भाजतं ते वेगळंच.

आता खरंच गेलेला असेल तर.

रिपेअरचं सांगतो, कारण माझं मन तिकडंच ओढतं, आणि म्हणूनच माझ्या बोलण्यातनं थोडं वजा करून घ्या. झेनचा बूस्टर मी चिकलठाण्याकडच्या एका लेथवाल्याकडं खोलला. दोन पत्री अर्धी एकमेकांत फिरवून अडकवलेली असतात, कडेनं खाचा. आधी दोन्ही अर्ध्यांवर आडवी खूण ओरखडून घ्यायची, नाहीतर परत बसवताना पाईपचं तोंड भलतीकडं जातं. आत जाडजूड स्प्रिंग दाबलेली असते, छातीसमोर धरून हातोडी-छिन्नीनं उचकटायचा प्रकार करू नका, डबा उडतो. त्यानं जाड प्लेट आणि दोन लांब बोल्टांचं स्वतःच बनवलेलं साधन लावलं, तरफेनं हळूच फिरवलं, 'कट्' झालं आणि बोल्ट ढिले करत करत स्प्रिंग सोडली. आत चहासारखं काळपट पाणी. ते पाणी नव्हतं, ब्रेक ऑइल होतं. मास्टर सिलेंडरचं, म्हणजे बूस्टरच्या पुढं बसून ब्रेक ऑइल दाबतो त्याचं, मागचं सील गळत होतं आणि सगळं ऑइल महिनोन् महिने डब्यात उतरत होतं, बाहेर एक थेंब नाही, फक्त बाटलीतली लेव्हल कमी व्हायची. डायफ्रामची कडा चिंचेच्या टरफलासारखी तडकलेली, खालच्या पत्र्यावर गेरू फासल्यासारखा गंज.

इथंच निर्णय होतो. गंज वरवरचा असेल तर पत्रा साफ करून पिवळं झिंक प्लेटिंग करून घेता येतं, वाळूज-चिकलठाण्यात जॉबवर्कवाले आहेत, आणि प्लेटिंग होऊन आलेला डबा असा चमकतो की बॉनेट उघडं ठेवून चहा प्यावा वाटतो. पण जिथं डायफ्रामची कडा बसते, नाहीतर जिथं पुढचं सील दांड्यावर चालतं, तिथं खड्डे पडले असतील तर विषय संपला, कितीही चांगलं किट टाका, हवा धरणार नाही. किट मिळतं तेही पूर्ण आहे का बघा. डायफ्राम, पुढचं सील, आतला व्हॉल्व्ह आणि दांड्याच्या टोकाची छोटी रबरी चकती. ही चकती जुनीच परत वापरायची नाही आणि विसरायची तर अजिबात नाही, ती नसली की पायाला ब्रेकचा अंदाजच येत नाही, हलका पाय ठेवला तरी गाडी झटका मारते.

माझ्या पहिल्या रिपेअरचं वाटोळं रबरांपायीच झालं. एका गॅरेजात पोरानं नवी रबरं "स्वच्छ करून" दिली, डिझेलच्या भांड्यात बुडवून. दोन आठवड्यांत सीलं फुगली, पेडल खाली जाऊन परत यायला वेळ लावायचं. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस काहीच चालत नाही, बूस्टरच्या आत सिलिकॉन ग्रीस, बास. चूक माझीही, मी समोर उभा होतो आणि फोनवर बोलत होतो.

नवा बूस्टर हा कंटाळवाणा पण रोज गाडी चालवणाऱ्यासाठी सरळ रस्ता. ८०० चं अजून बऱ्यापैकी मिळतं, दुकानदार पहिलं विचारतो विथ बूस्टर का विदाऊट, कारण मास्टर सिलेंडर वेगळा येतो, म्हणून जुना पीस बरोबर घेऊन जा. झेनला मात्र शोधाशोध, मला संभाजीनगरात नाही मिळाला, पुण्याहून मागवावा लागला. रिपेअरचा हिशेब किट, लेथ, प्लेटिंग, फेऱ्या असा जोडत गेलं की नव्याच्या अर्ध्याच्या वर सहज जातो, आणि गाडी आठ-दहा दिवस उभी. नव्याला एक दुपार. शिवाय डब्यात ऑइल उतरलं असेल तर मास्टर सिलेंडरसुद्धा बदलायचाच, नाहीतर नवा बूस्टरही त्याच वाटेनं जाणार. हा खर्च लोक धरत नाहीत.

भंगारातला? जालन्याला भट्टीत जायच्या आधी जुन्या गाड्यांचे लई पार्ट निघतात आणि मोह होतो. पण तो पडदा तुमच्याच गाडीच्या वयाचा आहे, तुम्ही आजार बदलून आजारच आणताय. मी भंगारातला बूस्टर घेतो तो फक्त पत्र्यासाठी, आपला डबा खड्डे पडून गेला असेल तर त्याचा डबा आणि आपलं किट. जसाच्या तसा गाडीला लावून औट्रम घाट उतरायला मी तरी तयार नाही.

आणि एक चौथा सल्ला मिळतो, "काढून टाक भाऊ, पद्मिनीला कुठं होता बूस्टर?" नव्हता, खरंय, मामांच्या पद्मिनीला चारी ड्रम होते आणि मामा पेडलवर जवळपास उभे राहायचे. पण बिनबूस्टरच्या गाडीचं पेडल त्या हिशेबानं लांब तरफेचं बनवतात, साधारण सहास एक, बूस्टरवाल्याचं चारास एकच्या आसपास. डबा काढला म्हणजे तरफ वाढत नाही. उलट पद्मिनीला बाहेरून ब्रेकच्या लाईनमध्ये बसणारा सर्वो, म्हणजे वेगळा बूस्टरच, लावायचं वेडही काहींना असतं, त्यांना एवढंच म्हणीन की आधी ड्रम, लायनर आणि होजपाईप नीट करा, निम्मी तक्रार तिथंच जाते. घाटात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजून आहेत, त्यांनी लक्षात ठेवा, साठलेलं व्हॅक्यूम दोन-तीन दाबात संपतं.

काहीही टाका, बसवताना एक काम सोडू नका. बूस्टरचा दांडा आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये केसाएवढी फट हवी. दांडा लांब राहिला तर ब्रेक पूर्ण सुटतच नाही, चाकं तापतात, आणि गाडी गावाबाहेर गेल्यावर कळतं. पोरांच्या खेळायच्या क्लेची गोळी दांड्याच्या टोकाला लावायची, मास्टर टेकवून काढायचा, गोळी किती चेपली बघायची. नव्या बूस्टरलाही हे करायचं, डब्यातून काढला म्हणजे सेटच असेल असं नाही.

भावानं फोन स्पीकरवर टाकून पेडल दाबलं तर फुस्स मला इथं ऐकू आलं, आणि ऑइलची लेव्हलही दर महिन्याला उतरते म्हणाला. काकू रोज भाजीला गाडी काढतात, दहा दिवस उभी ठेवून चालणार नाही. म्हणून त्याला नवा बूस्टर आणि नवा मास्टर दोन्ही टाक म्हटलं. जुना मात्र भंगारवाल्याला द्यायचा नाही, एसटी पार्सलनं इकडं पाठवायचा, लेथवाल्याला मी आधीच सांगून ठेवलंय.