क्लाउड्स की मिरर? पॉर्कीजमधल्या तळ्याकाठच्या केबिन

अमेरिकेतल्या मिशिगनच्या पॉर्क्युपाइन माउंटन्स (लाडाने पॉर्कीज) या राज्य उद्यानात राहायला केबिन भाड्याने घ्यायची एवढं ठरलं, की बहुतेकांचं घोडं दोन तळ्यांच्या नावांवर अडतं: लेक ऑफ द क्लाउड्स आणि मिरर लेक. (लेक सुपीरियरच्या काठावरही केबिन आहेत, पण तिथे लाटांचा आवाज, समोर क्षितिज, म्हणजे जवळजवळ समुद्रच. तो वेगळा विषय.) आम्ही दोन्हीकडे राहिलोय. क्लाउड्सला जूनअखेरीस तीन रात्री, मिररला सप्टेंबरअखेरीस दोन. ऋतूच वेगळे असल्यामुळे माझी तुलना काटेकोर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर, हे तुम्हाला माहीत असणारच. सामानातही फारसा फरक नाही. बंक (एकावर एक पलंग), लाकडावर पेटणारी शेगडी, भांडीकुंडी, करवत, कुऱ्हाड आणि तळ्यात फिरायला आपल्या केबिनची होडी. पाणी तळ्यातून आणून उकळायचं किंवा गाळायचं. तेव्हा निवड सोयींवर होत नाही.

देखणेपणात क्लाउड्सचा हात कोणी धरणार नाही. दोन डोंगररांगांच्या मधे लांबट निळं तळं, वर उभा कडा, खाली नजर जाईल तिथवर जंगल. कड्यावरून केबिन सुमारे मैलभर. जाताना उतार असल्यामुळे सामान थोडं जास्त झालं तरी चालून जातं. परतीच्या चढावर त्याचं व्याज भरावं लागतं, पण ते ठीक आहे. डेट्रॉइटकडून दहा-एक तास गाडी हाकून आलेल्या माणसाला त्या संध्याकाळी मैलभरच चालायचंय हा केवढा दिलासा असतो! लहान मुलं बरोबर असतील तर हा मुद्दा फार मोठा.

मिररला जायला समिट पीक या उद्यानातल्याच शिखराच्या बाजूने अडीच-तीन मैल, क्लाउड्सच्या कड्यावरून चार. वाटेत चिखल, मुळं, चिखलावर टाकलेल्या फळ्या. शिवाय तिथे एक सोडून तीन केबिन आहेत, दोन, चार आणि आठ बंकच्या. म्हणजे शेजार आला. तळंही लहान, भोवती हेमलॉकचं जुनं, काळोखं रान. फोटो काढून घरच्यांना पाठवावा असं प्रथमदर्शनी काही नाही. कागदावर मांडलं तर मिरर हरतं, हे मलाही मान्य आहे.

मग माझं मन का फिरलं? त्या कड्यामुळे.

कड्यावर जाणारा रस्ता वाहनतळापर्यंत नेतो आणि तिथून दोन-चार मिनिटांत माणूस कठड्यापाशी पोचतो. उद्यानातलं सगळ्यात प्रसिद्ध दृश्य तेच. त्यात जूनअखेरीस इथला सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो, कारण अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेच्या पट्ट्यात पार पश्चिम टोकाला आपण असतो. (उद्यानाचा काही भाग शेजारच्या गोजिबिक काउंटीत आहे, तिथलं घड्याळ एक तास मागे. जेवायची वेळ ठरवताना आमचा दोनदा घोळ झाला.) सूर्यास्त बघायला आलेली मंडळी दहापर्यंत हलत नाहीत. बरं, नुसती बघतील तर शप्पथ! समोर डोंगर दिसला की पोरांना हाक मारून प्रतिध्वनी ऐकायचा असतो, आणि पोरांहून जास्त त्यांच्या बापांना. होडी तळ्याच्या मधोमध नेऊन वल्ही वर घेऊन बसलो, की वरून ‘हॅलोऽऽ’ यायचं.

तेही चाललं असतं. पण धडधाकट मंडळी खालीही उतरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेगडीवर पिठलं हलवत होतो. खिडकीच्या काचेला दोन्ही हात लावून, मधे नाक टेकवून एक गृहस्थ आत बघत होते. मी हात हलवला, तर दार ठोठावून त्यांनी अगदी अदबीने विचारलं, “हे स्वच्छतागृह आहे का?” मी बाहेरच्या संडासाकडे बोट दाखवलं. मागोमाग त्यांचं सगळं कुटुंब. तीन दिवसांत अशी चार-पाच कुटुंबं झाली. बायको म्हणाली, “अरे, पाटीच लावू या, पिठलं संपलं.” त्यांचाही दोष नाही. वाटेशेजारी झोपडी दिसली की कोणीही डोकावणार. पण वर्षभर आधी आरक्षण करून, पाठीवर तांदूळ वाहून मी तिथे गेलो होतो तो कोणी डोकावू नये म्हणून.

तुमच्या वाट्याला हे येईलच असं नाही. ऑक्टोबर सरत आल्यावर, सोमवार-मंगळवार गाठून गेलात, तर क्लाउड्सच उजवं ठरेल कदाचित. एकच रात्र हाताशी असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील, तरीही मी तिकडेच बोट दाखवीन.

मिररला मात्र आम्ही पहिल्या सकाळी होडी सोडली तेव्हा तळ्यावर धुकं होतं आणि वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांखेरीज कसला आवाज नव्हता. आठ बंकच्या केबिनमध्ये एक मोठा कंपू होता. त्यांच्या धुराचा वास यायचा, शब्द ऐकू यायचे नाहीत. दार तिथेही एकदा वाजलं. रात्री, पावसात. त्या कंपूतला एक जण भिजलेली काडेपेटी हातात धरून उभा होता. आम्ही आमची जास्तीची दिली. सकाळी दार उघडलं तर पायरीवर फोडलेल्या लाकडांची मोळी ठेवलेली, चांगली कोरडी, दोन दिवस पुरली.

पुढच्या सप्टेंबरसाठी आम्ही दोन बंकची केबिन पुन्हा घेतलीये. चार बंकची अजून मोकळी दिसतेय.